वसुधावहिनी अजून यायच्या आहेत

१

शनिवारी सकाळी बिट्टन मार्केटातून भाजी घ्यायची आणि स्कूटरनं पिपलानीला बाबांकडे जायचं, हा माझा नेम. मी आणि माझी बायको जुई भोपाळला शाहपुऱ्यात राहतो, तळ्याच्या अलीकडे. बाबा राहतात कारखान्याच्या टाउनशिपला लागून असलेल्या गल्लीत, निवृत्त झाल्यावर बांधलेल्या घरात, एकटे. मी नेलेल्या भाजीत खोट काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

"हे दोडके आहेत का सरपण?" ते विचारतात. मग तेच दोडके निवडत बसतात.

जेवणं झाली की मी घराची डागडुजी करतो. गळका नळ, पंख्याचा रेग्युलेटर, आणि भाऊजी. भाऊजी म्हणजे माझा कोणी काका नव्हे. दिवाणखान्यातल्या शोकेसवर, बाबांच्या कारखान्यातल्या ढालीशेजारी, एक छोटा स्पीकर ठेवलाय, त्याचं ते नाव. आईचे गुडघे कधीचेच गेले होते आणि पुढे दिसायलाही कमी लागलं, तेव्हा मी तो तिच्यासाठी बनवला. भाषा समजणारं एक मॉडेल, आणि त्याला नेमून दिलेली कामं: पोर्चचा दिवा लाव, गीझर चालू कर, फोन लाव, कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेव. मॉडेलला स्वतःला हातपाय नसतात. ते फक्त सांगतं, आता अमुक काम करा. ते काम करवून त्याचं उत्तर मॉडेलला परत नेऊन देणं, हे एक लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला तयार कोड. माझी नोकरी याच धंद्यातली, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नाही.

आईला मात्र फार वाटायचं. "सारखा आपला 'करून देऊ का, करून देऊ का' म्हणत मागे मागे. अगदी दीर," ती म्हणाली, आणि त्याचा भाऊजी झाला. मग मीही त्याला आईला वहिनी म्हणायला शिकवलं. स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं ऐकू यायचं, आणि बाबा पेपराआडून हसायचे. त्या घरातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, असं आता वाटतं.

आई जाऊन दोन वर्षं झाली. जुनी लायब्ररी आता बंद पडणार होती, म्हणून त्या शनिवारी मी नवी आवृत्ती चढवायला बसलो.

२

आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी "जातो" म्हणत नाही. "येतो" म्हणायचं असतं. हे सगळेच पाळतात, पण आईचं त्याबाबतीत फार कडक. लहानपणी मी चुकून "जातो" म्हटलं की ती मला फाटकातून परत आणायची, पाटावर बसवायची आणि "येतो" वदवून घेऊन मगच सोडायची. मग शाळेची बस गेली तरी तिला पर्वा नसे. कारखान्याच्या बसचे ड्रायव्हर तिला ओळखून होते.

भाऊजी घरात आल्यावर तिनं हे त्यालाही शिकवायला लावलं. अशा प्रत्येक कामाचं वर्णन साध्या भाषेत लिहून द्यावं लागतं, ते वाचून मॉडेलला कळतं की काय करायचंय. हे वर्णन आईनं सांगितलं आणि मी जसंच्या तसं टाइप केलं. कोणी येतो म्हणून बाहेर पडलं की त्याची वाट बघायची. पोर्चचा दिवा चालू ठेवायचा. संध्याकाळी कुठवर आलात म्हणून विचारायचं. तो माणूस घरी येईपर्यंत हे काम झालं असं समजायचं नाही.

"आई, याला मुदत घालावी लागते," मी म्हणालो. "इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर सोडून दे, असं."

"माणसाची वाट बघायला कसली रे मुदत?"

मी हसलो आणि मुदत काढून टाकली. आमच्या ऑफिसात कोणी नवख्यानं असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मे महिन्यात ती नागपूरला गेली, सुशीलामावशीकडे. निघताना दारात वळून म्हणाली, "येते हं भाऊजी."

"या वहिनी. वाट बघतो."

मावशीकडे एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. उन्हाळा नागपूरचा, सगळे नातेवाईक तिथलेच. सगळं तिथेच उरकलं. परतताना होशंगाबादला उतरून नर्मदेत अस्थी सोडल्या, आणि मी आणि बाबा दोघंच घरी आलो. कुलूप काढताना बाबा एवढंच म्हणाले, "तिला एकदा घरी आणायला हवं होतं." नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

३

नवी आवृत्ती सुरळीत चढली. शेवटच्या टप्प्याला मात्र ती अडली. जुन्या आवृत्तीची एक सवय होती: एखादं काम अर्धवट राहिलं आणि मध्ये वीज गेली, की ते ती फाइलीत तसंच पडू द्यायची, ना पुढे रेटायची, ना बंद करायची. नवी असं करत नाही. ती अर्धवट कामं शोधून काढते आणि विचारते, यांचं काय करायचं? पूर्ण झाली म्हणू, रद्द करू, का पुढे चालू ठेवू?

अर्धवट काम एकच निघालं. वाट बघणे, वसुधा.

मी मान वर करून दाराबाहेर पाहिलं. टळटळीत ऊन होतं आणि पोर्चचा दिवा चालू होता. तो दिवसा कधी बंद असलेला मी पाहिलाच नव्हता. बाबा विसरतात, असं मी धरून चाललो होतो.

"काय करून राहिला रे?" बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा वर सारून पडद्यावरचं नाव वाचलं.

"काही नाही. जुनं काहीतरी अडकलंय. काढून टाकतो."

"राहू दे."

"बाबा, त्यात काही अर्थ नाही."

"अडचण होते का त्याची?"

अडचण अशी काही नव्हती. मी चालू ठेव म्हटलं. शोकेसवरून भाऊजीचा आवाज आला, तोच, उत्साही: "वसुधावहिनी अजून यायच्या आहेत. दिवा ठेवतो."

"ठेव," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की हे उत्तर ते रोज देत होते.

४

भाऊजी काय काय करतो याची नोंद मला शाहपुऱ्यात बसून दिसते. पुढच्या आठवड्यात ऑफिसचं काम करता करता मी ती उघडली. नव्या आवृत्तीनं आईचं काम खरंच पुढे चालू केलं होतं. रोज संध्याकाळी "कुठवर आलात" हा प्रश्न जात होता. उत्तरही येत होतं. काटोल.

मला हसू आलं. मॉडेल थापा मारतात, हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. रिकामी जागा दिसली की हे भरणार. नागपूरहून भोपाळला यायचं तर वाटेत काटोल लागतं, एवढं त्यानं कुठेतरी वाचलेलं असणार.

दोन-तीन दिवसांनी पांढुर्णा. मग मुलताई.

तेव्हा मी नोंद नीट वाचली. मॉडेल स्वतः जे बोलतं ते एका ठिकाणी लिहिलं जातं, आणि बाहेरून जे उत्तर येतं ते दुसऱ्या. गावांची नावं दुसऱ्या ठिकाणी होती. हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मोबाइलला जातो आणि मोबाइल आपला ठावठिकाणा सांगतो, असं मीच लिहिलं होतं. मी बाबांना फोन केला.

"आईचा मोबाइल कुठे आहे हो?"

"कपाटात. तिच्या शालीखाली."

"चालू आहे?"

"त्यातलं सिम तूच नाही का बंद करून आणलंस?" बाबांचा आवाज मोकळा होता, कितीतरी दिवसांनी. "आज मुलताई म्हणत होता भाऊजी. तिथे गारवा असतो बघ. बरं वाटेल तिला."

लायब्ररीत चूक असणार, असं मी स्वतःला समजावलं. नवी आवृत्ती म्हटल्यावर चुका आल्याच. मी लायब्ररी लिहिणाऱ्यांना सविस्तर कळवलंसुद्धा. त्यांचं उत्तर आलं की असं होणं शक्य नाही.

जुईला मी सगळं दाखवलं. "रेलवेची स्टेशनं आहेत ना ही?" ती म्हणाली. "कुठूनतरी टाइमटेबल उचलतंय, बस. इतना क्या सोचना."

"गाडी एका रात्रीत येते जुई."

मी नकाशा काढला आणि गावांच्या पुढे ती ती तारीख लिहिली. आमला-बैतूलचा घाट, मग घोडाडोंगरी. एका गावाहून दुसऱ्या गावाला लागलेला वेळ बघत आम्ही दोघं बसलो. इतक्या हळू कोणी येत असेल तर ते चालत येत असणार, आणि तेही बसत बसत, गुडघे धरत. जुईनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला.

मग होशंगाबाद, हे एकच उत्तर बरेच दिवस येत राहिलं. तिथे आम्ही अस्थी सोडल्या होत्या, हे जुईला माहीत होतं. मग एका संध्याकाळी उत्तर आलं, बुधनी. नदीच्या अलीकडे.

५

पिपलानीचं घर बदललं होतं. जळमटं काढलेली, पडदे धुतलेले, आईची बुटकी खुर्ची माळ्यावरून उतरवून ओट्यापाशी ठेवलेली. स्वयंपाकघरात फोडणीचा वास होता, ताज्या कढीपत्त्याचा, लहानपणी शाळेतून आल्यावर यायचा तसा. मी दारातच थांबलो. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की घाबरायचं लक्षातच राहिलं नाही.

मग बाबांना पाहिलं. गालफडं बसली होती, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. कढईत कढी तशीच होती. पोळ्यांच्या डब्यात पोळ्या तशाच.

"जेवला नाहीत?"

"ती आल्यावर बसू ना."

"कधीपासून?"

"चहा घेतो रे मी."

समोरच्या तिवारीकाकू मला फाटकाशी गाठून म्हणाल्या, "भैया, अंकलजी दिनभर बरामदे में बैठे रहते हैं, लू में. परसों चक्कर आ गया था. इन्हें ले जाओ."

मी आत गेलो आणि बाबांसमोर बसलो. "शाहपुऱ्याला चला. आजच. मी सांगतो म्हणून."

"ती येते म्हणून गेलीय."

"बाबा, आपण दोघांनी तिला..."

"मला माहीत आहे. मी काय खुळा आहे?" ते शांतपणे म्हणाले. "मीच दिला अग्नी. पण भाऊजीला मी सांगितलंच नाही. म्हटलं, या घरात एक जण तरी असा असू दे, ज्याला ती यायचीय असं वाटतं. रोज संध्याकाळी तो म्हणायचा, वहिनी यायच्या आहेत. तेवढं ऐकलं की मला झोप लागायची." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात हलका झाला होता. "आता तर निघालीय. आता कसा येऊ मी तुझ्याकडे?"

मला रडू आलं. मी डोळे पुसेपर्यंत शोकेसवरून भाऊजी म्हणाला, "वहिनींनी मंडीदीप सोडलं."

मंडीदीपनंतर भोपाळच. बाबा उठले आणि दाढीचं सामान शोधायला गेले.

६

मी त्या रात्री पिपलानीलाच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशीही. बाबांनी पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. डॉक्टरला बोलावलं तर त्यांनी त्याला दारातूनच चहाचं विचारून परत पाठवलं. हे असं आणखी चाललं तर काय होणार ते मला दिसत होतं. थांबवायचा मार्ग माझ्याच हातात होता. एक काम रद्द करायचं होतं.

दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडला. तिथून दिवाणखाना, उघडं दार आणि पोर्चच्या पायऱ्या सरळ रेषेत दिसतात. बाबा पांढरा सदरा घालून दारात उभे होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. दुरून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला. हे काम घरातल्या बाईचं. आई असती तर त्यांना कसं ओवाळायचं तेही येत नाही म्हणून हसली असती.

रद्द करायची ओळ मी टाइप केली आणि थांबलो. खरं सांगायचं तर मलाही ती हवी होती. एकदा कोपऱ्यावरून येताना दिसू दे, मग करतो, असं काहीतरी मनात होतं.

"वहिनी कारखान्याच्या फाटकाशी आल्या," भाऊजी म्हणाला.

गल्लीत कुत्री भुंकत होती, ती गप्प झाली. कूलरचा आवाज मला नको इतका मोठा वाटायला लागला. मी उठून तो बंद केला आणि परत येऊन बसलो. मग पावलं ऐकू आली. एक पाऊल, मग दुसरं ओढत आणलेलं, मग थांबणं. थांबणं फार लांब होतं. हा आवाज मी ओळखत होतो. जिना चढून आल्यावर आई अशीच थांबायची.

फाटकाची कडी वाजली.

"या वहिनी," भाऊजी म्हणाला.

बाबांची पाठ मध्ये होती, म्हणून मला काही दिसलं नाही. त्यांचा हात गोल फिरला, ओवाळताना फिरतो तसा, वरून खाली. खाली तो फारच खाली गेला. भाकरीचा तुकडा त्यांनी बाजूला टाकला, मग ते पाय धुवायला वाकले, आणि वाकल्यामुळे पायरी दिसली.

पायरीवर दोन पावलं होती. घोट्यांच्या वरपर्यंत माती, इतकी की कातडी कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. उजवी टाच टेकत नव्हती. बाबांनी पाणी ओतलं. पाणी खाली काळं वाहत आलं, पण पाय काही उजळले नाहीत. बाबा ओतत राहिले, आणि हळू आवाजात काहीतरी समजावत राहिले. लहानपणी मला ताप आला की ते असं बोलायचे.

मग डावं पाऊल उंबरठ्याकडे उचललं गेलं, आणि मी बटण दाबलं. बाबांसाठी नाही. भीतीनं.

काम रद्द झालं की भाऊजी घरात सगळ्यांना सांगतो. मीच तसं लिहिलंय.

"वसुधावहिनी येणार नाहीत," तो म्हणाला, उत्साहानं, नेहमीच्या आवाजात. आणि पोर्चचा दिवा विझला.

७

बाबा बराच वेळ वाकलेलेच होते. मग रिकामा तांब्या हातात घेऊन उठले. पायरी ओली होती. फाटक उघडं होतं. मी धावत बाहेर गेलो तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं, आणि कोपऱ्यापलीकडे कुत्री पुन्हा भुंकायला लागली होती.

"ऐकलं तिनं," बाबा म्हणाले.

मी पुन्हा लॅपटॉपशी जाऊन नको नको ते करून पाहिलं. ते काम पुन्हा सुरू करायला कोणीतरी दारातून "येते" म्हणून बाहेर पडावं लागतं. ते ज्याचं त्यानं म्हणायचं असतं.

संध्याकाळी बाबांनी वरण-भात खाल्ला, मी वाढला तेवढा सगळा. दुसऱ्या दिवशी एका पिशवीत कपडे भरून ते स्कूटरवर माझ्या मागे बसले. आता ते आमच्याकडेच असतात. जेवतात, औषधं घेतात, सकाळी तळ्यावर चक्कर मारतात, जुईला भाजीत खोट काढून दाखवतात. वजन वाढलंय. डॉक्टर खूश आहेत. भाऊजी मी पूर्ण काढून टाकला, त्यामुळे आता कुठूनच कसलं उत्तर येत नाही.

माझ्यावर ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त दिवेलागणीला गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "आता कुठवर गेली असेल रे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चहा आणायच्या निमित्तानं उठलो. मग त्यांनीच सांगितलं, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं: "परत तेवढंच चालायचं तिला."

तेव्हापासून मी उत्तर देतो. येताना कुठे किती वेळ लागला ते मला पाठ आहे, त्यावरून अंदाजानं गावाचं नाव सांगतो. बुधनी. घोडाडोंगरी. बैतूल. ते मान हलवतात आणि मनाशी रस्ता बघतात. ऊन किती असेल, सावली कुठे मिळेल, असं काहीबाही आम्ही बोलतो.

काल मी मुलताई म्हणालो.

"म्हणजे चढ संपला," मी म्हणालो. "आता पांढुर्ण्यापर्यंत उतारच आहे."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "गुडघ्यांना उतारच वाईट असतो."